दहात तीन

माझा भाऊ गेल्याची बातमी माझ्याकडे तक्रार म्हणून आली. सकाळची वेळ, गॅसवर दूध, आणि फोनवर एक अनोळखी मुलगी हिंदीतून बोलत होती. "मॅडम, गजानन सर का आज का फोरकास्ट नहीं आया. फोन भी नहीं उठा रहे. बोट रुकी हुई है." मी म्हटलं, बाई गं, मी चिखलीत आहे, बुलढाणा जिल्ह्यात, आणि माझा भाऊ राहतो गुजरातच्या किनाऱ्यावर. त्याने हवेचा अंदाज का पाठवला नाही हे मला इथून कसं दिसणार? तर ती म्हणाली, इमर्जन्सीसाठी त्यांनी तुमचाच नंबर दिलाय, तेवढं त्यांना लवकर पाठवायला सांगा. आवाजात काळजी होती, नाही असं नाही... पण ती बोटीची होती. इकडे दूध उतू गेलं. मी गजूला फोन लावत राहिले आणि तो नुसता वाजत राहिला. बऱ्याच वेळाने दुसऱ्या नंबरवरून फोन आला, या वेळी मराठीतून. सर्व्हेच्या बोटीचे कप्तान बोलत होते. ऑफिसातल्या सगळ्यांनी फोन करून पाहिले होते, खोलीवर जाऊन बघावं हे सुचलं होतं फक्त या एका माणसाला. दार तोडावं लागलं. गजू टेबलावर डोकं टेकून बसला होता आणि समोर कॉम्प्युटरवर हवेचे नकाशे उघडे होते. "ताई, तुम्ही आधी खाली बसा," कप्तान म्हणाले, आणि मला कळलं. बोट अडली नसती तर माझा भाऊ आणखी किती वेळ तसाच बसून राहिला असता, हा विचार अजूनही डोक्यातून जात नाही.

त्यानंतर आमच्या गावात, मोताळ्याच्या जवळच्या आमच्या लहानशा गावात, शोकसभा झाली. स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर गजूचा फोटो, मागे कुठल्याशा परदेशी समुद्रातल्या पवनचक्क्या आणि खाली 'थोर शास्त्रज्ञ'. हा माणूस जिवंत असताना ज्यांनी त्याला स्टँडवरूनच आल्या बसने परत पाठवलं, त्यांचेच चेहरे फ्लेक्सच्या खालच्या ओळीत शुभेच्छुकांसारखे ओळीने मांडलेले. एका पुढाऱ्याने भाषणात सांगितलं की गजाननरावांनी देशाच्या समुद्रात पवनचक्क्या फिरवल्या. खोटं आहे. त्या किनाऱ्यावर अजून एकही पवनचक्की उभी नाही. टेंडर निघतं, रद्द होतं, पुन्हा निघतं... गजू आपला तिथे राहून वारा मोजत होता आणि मोजायला जाणाऱ्या बोटींना उद्याचं हवामान सांगत होता. पण फ्लेक्सवर चक्की नसेल तर शास्त्रज्ञ कसा दिसणार? शेवटी आमचा मोठा भाऊ, वसंतादादा, बोलायला उभा राहिला. "माहा भाऊ लय हुशार व्हता," एवढंच बोलून तो रडायला लागला आणि सगळी सभा हळहळली. मी मात्र पहिल्या रांगेत कोरडी बसून होते. मला त्या क्षणी दादाचा इतका राग आला होता की कुणी हातात माइक दिला असता तर बरं झालं नसतं. ते तिथे बोलता आलं नाही म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्याकडे गजानन हे नाव घराघरात असतं. रस्त्यात हाक मारली तर चार जण वळून पाहतात. त्यामुळे आमचा गजानन हा 'वसंताचा गजा' होता. दादा त्याच्याहून पुष्कळ मोठा, मी मधली. वडील लवकर थकले आणि शेत दादाच्या अंगावर आलं. त्या काळी ज्वारी उपणायची तर वाऱ्याची वाट बघावी लागे. खळ्यात तिपाईवर दादा टोपलं घेऊन उभा, आणि लहानगा गजू बांधावर बसून नाल्यापलीकडच्या निंबाच्या शेंड्याकडे टक लावून. तो शेंडा हलला की थोड्याच वेळात वारं खळ्यात पोचतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो ओरडायचा, "दादा, आलं!" आणि दादा विचार न करता टोपलं तिरपं करायचा. धान्य खाली, भुसा लांब. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर दादाने कधी टोपलं उचललं नाही. लोक हसायचे, एवढ्याशा पोराचं ऐकतो म्हणून. दादा म्हणायचा, "त्याले दिसते, तुमाले नाई दिसत, त्याले मी काय करू?" हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून पुढचं जे झालं ते मला आजही गिळता येत नाही.

गजू शिकायला पुण्याला गेला तोही दादाच्याच जोरावर. होस्टेलवर त्याच्या 'मले-तुले'वर पोरं हसत. मी त्याला म्हटलं, अरे, चार लोकांत जरा त्यांच्यासारखं बोलावं. तो म्हणाला, "ताई, ते हसून राह्यले तं हसू दे. मी बोलणं बदललं तं गावातले हसतील. कोनीतरी हसनारच हाय." त्याचं सगळं असंच, हिशेब करून मोकळं होणारं. हवामानशास्त्र घेतलं, काही वर्षं सरकारी नोकरी केली, मग एका कंपनीने त्याला परदेशात नेलं, उत्तर समुद्राच्या काठी. तिथे समुद्रात पवनचक्क्यांची रानंच्या रानं उभी आहेत. त्यांच्या दुरुस्तीला रोज माणसं बोटीतून जातात, आणि हलत्या बोटीवरून त्या खांबाच्या शिडीवर पाऊल टाकतात. वारा वाढला, लाट चढली की ते पाऊल चुकतं. तर उद्या तिथे वारा किती, लाट किती, हे आदल्या दिवशी सांगणं हे माझ्या भावाचं काम. ज्याने वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता आणि पहिल्यांदा बोटीत बसला तेव्हा बंदर दिसेनासं व्हायच्या आत ओकला, त्या माणसाचं हे काम. मी भूगोलाची शिक्षिका. शाळेत पोरांना खारे वारे, मतलई वारे शिकवायचे आणि मनात म्हणायचे, माझा भाऊ यातच बसलाय. मला त्याचा केवढा अभिमान होता ते मी त्याला कधी फारसं बोलून दाखवलं नाही, आमच्या घरात तशी पद्धतच नाही.

परदेशातून तो आपल्या मर्जीने परत आला. आपल्याकडेही समुद्रात चक्क्या होणार, तर इथला वारा मोजायला इथला माणूस नको का, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं आता पुण्या-मुंबईला राहील, लग्न करील. तो जाऊन राहिला एका बंदराच्या गावी, एका खोलीत. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "पहाटे उठून नकाशे बघणाऱ्या मानसाशी कोन संसार करंल व ताई?" आणि हसायचा. गावी आला की मात्र लोकांना त्याच्या समुद्राशी काही देणंघेणं नसे. स्टँडवर उतरला की पहिला प्रश्न, पानी कधी येते? तो नम्रपणे सांगायचा की मी पावसाचा नाही, समुद्रावरच्या वाऱ्याचा माणूस आहे. लोक एकमेकांकडे बघत. सोन्याच्या दुकानात जाऊन चपला मागितल्यावर दुकानदार नाही म्हणाला तर गिऱ्हाईक रागावतं, तसे रागावत. त्याच्या लक्षात ते येत नसे. तो खांद्याला बॅग लावून घरी जायचा आणि वहिनीच्या हातची ज्वारीची भाकर मागायचा.

मग त्या वर्षीचा दसरा आला. आठ-नऊ वर्षं झाली असतील. दादाचं सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून झालं होतं आणि शेतात त्याची सुडी, उघडी गंजी, लावून ठेवली होती. थ्रेशर दुसऱ्या गावात अडकलेलं, दोन दिवसांनी येणार. आभाळ तसं बरं होतं. ओसरीवर चारचौघं चहा पीत बसलेले, मी सणाला आलेले, आणि दादाने गजूला विचारलं, "गजा, पानी येते का बे?" इतर कुणी विचारलं असतं तर त्याने टाळलं असतं. दादाने विचारलं म्हणून तो उठला, आत जाऊन लॅपटॉप उघडून बसला. सकाळची दुपार झाली. वहिनीने जेवायला दोनदा हाक मारली. एवढा जीव लावून तो काय बघतोय म्हणून मी डोकावले, तर चार-पाच नकाशे शेजारी शेजारी लावून एकेक ढग तपासत होता. मग दुपारच्या चहाच्या वेळी बाहेर आला आणि उभ्यानेच म्हणाला, "दादा, उद्या दुपारनंतर दहात तीन."

दादा हसला. "म्हंजे नाई येत."

"तसं नाई म्हटलं मी. दहात तीन म्हटलं."

"हाव, मंग सात वेळा तं नाई येत ना? झालं." आणि दादाने चहा संपवला. गजू आणखी काहीतरी बोलेल असं मला वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर ते होतंही... पण तो गप्प बसला. ताडपत्री गोठ्यावर होती ती गोठ्यावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जो पाऊस आला तो सांगायला नको. सुडी खालपर्यंत भिजली. पुढचे दिवस ढगाळ गेले, ऊन पडेना, शेंगांतल्या दाण्याला कोंब फुटले आणि जे निघालं ते काळं पडलेलं निघालं. दादाच्या वर्षभराच्या मेहनतीची अशी माती झाली. माणूस अशा वेळी कुणावर तरी घसरणारच. दादाने भर स्टँडवर, पंचवीस-तीस माणसांत सांगितलं, "समुद्रातलं वारं सांगते म्हने हा, अन् घरचं पानी सांगता येत नाई. यानं मले सांगितलं व्हतं पानी नाई येत." गजू तिथेच होता. तो म्हणाला, मी तसं म्हटलं नव्हतं. दादा म्हणाला, "मंग एकडाव चुकलं म्हन. सगळ्याइच्या समोर म्हन, का चुकलं." गजू म्हणाला, "चुकलं नाई दादा. दहात तीन म्हटलं व्हतं. तीन बी येतात."

हे वाक्य त्याला नडलं. अख्ख्या गावाला त्या दिवशी खेळणं मिळालं. पोराचा निकाल विचारला, दहात तीन. म्हैस व्याली का विचारलं, दहात तीन. पुढे-पुढे माणसाचंच नाव 'दहात तीन' झालं. पुढच्या वेळी तो स्टँडवर उतरला तेव्हा पानठेल्यावरून कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "आले बे दहात तीन!" आणि सगळे खो-खो हसले. पानठेल्याच्या बाकावर दादा बसलेला होता. त्याने मान फिरवली, पण कुणाला गप्प केलं नाही. गजू ज्या बसमधून उतरला होता तिच्यातच परत चढला, राजूरचा घाट ओलांडून बुलढाण्यावरून चिखलीला माझ्या दारात येऊन उभा राहिला, आणि पुन्हा म्हणून गावात गेला नाही. शोकसभेच्या फ्लेक्सवर ज्यांचे चेहरे होते असं मी वर लिहिलं, ते हेच लोक. मला एकेकाचं नाव माहीत आहे, पण लिहीत नाही. त्यांना ते कळेल.

मी दोघांना समजावून थकले. दादाला म्हटलं, धाकटा आहे, सोडून दे. तो म्हणाला, सोडतो की, चुकलं म्हणू दे. गजूला म्हटलं, अरे, एक शब्द तर आहे, टाक म्हणून, तुझं काय जातं? तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला होता. शांतपणे म्हणाला, "ताई, बरोबर अंदाजाले मी उद्या चूक म्हटलं, तं परवा माह्यावर भरवसा कोन ठेवंल? बोटीवरचा मानूस माह्या आकड्यावर पाय उचलते." मी चिडले. म्हटलं, इथे कुठे आहे तुझी बोट? इथे तुझा भाऊ आहे. दर दिवाळीला तो माझ्याकडे येत राहिला आणि दादा त्या दिवसांत चिखलीकडे फिरकत नसे. बाजार समितीचं काम असलं तरी पुढे ढकलायचा. दोघंही आपापल्या जागी खरे. असे दोन खरे पुरुष घरात असले की घराचं काय होतं हे बायकांना विचारावं.

महिन्याभरापूर्वी मी त्याची खोली आवरायला त्या बंदराच्या गावी गेले. कंपनीने तोवर दुसरा माणूस बसवलेला होता, ते ठीकच आहे, बोटी काय थांबून राहणार? पण एक हार किंवा एक माणूस... नाही. त्या दिवशी फोन करणाऱ्या मुलीचा मेसेज तेवढा आला होता आणि त्यात माझ्या भावाचं नाव चुकलेलं होतं. खोलीत मदतीला आले ते कप्तान. डहाणूकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. सामान फार नव्हतंच. चहा पिताना मी त्यांना सहज विचारलं, माझा भाऊ तुम्हाला रोज सांगायचा तरी काय? ते म्हणाले, "आकडा सांगायचे. वारा बोटीला झेपणाऱ्या हद्दीच्या वर जाण्याची शक्यता दहात किती." मी हसले, कडू तोंडाने. म्हटलं, आमच्या गावात त्याला त्याच नावाने चिडवायचे, दहात तीन. कप्तानांनी कप खाली ठेवला. "दहात तीन? ताई, सरांनी दहात एक म्हटलं तरी आमची बोट बंदरातून निघत नाही. दहात दोन म्हटलं तर बंदरात बांधलेल्या बोटीचे दोर दुप्पट करतो. दहात तीन त्यांनी अख्ख्या मोसमात एखाद्या वेळीच म्हटलं असेल, आणि तेव्हा आम्ही माणसं उतरवून घरी पाठवलीत." मी म्हटलं, मग सरळ 'जाऊ नका' का नाही म्हणत? ते म्हणाले, "ते म्हणायचं काम कप्तानाचं. हवामानवाल्याने आकडा द्यायचा आणि गप्प राहायचं. त्याने सल्ला द्यायला सुरुवात केली की आकडा खोटा व्हायला लागतो. सर त्या बाबतीत फार कडक होते."

मी त्या खोलीतल्या पलंगावर बसून राहिले. म्हणजे त्या दिवशी आमच्या ओसरीवर उभा राहून माझा भाऊ जीव तोडून ओरडला होता. त्याच्या कामात याहून मोठ्याने ओरडता येतच नाही. आणि आम्ही सगळे चहा पीत ऐकत होतो. 'दादा, ताडपत्री टाक' एवढे तीन शब्द बोलला असता तर सोयाबीन वाचलं असतं आणि घरही वाचलं असतं. पण ते कप्तानाचं काम ना! शेत दादाचं, निर्णय दादाचा. मला गजूचा इतका संताप आला... मेलेल्या माणसावर असं चिडू नये म्हणतात, पण मी चिडले. परदेशातली शिस्त बोटीवर ठेवायची, सख्ख्या भावाच्या ओसरीवर कशाला आणायची? त्याच दिवशी कप्तान मला तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या हृदयाचं दुखणं उन्हाळ्यातच कळलं होतं. ऑपरेशन सांगितलं होतं, घरचं कुणीतरी सोबत घेऊन या म्हणालो होतो. मग ते आलेच नाहीत. पावसाळाभर त्या समुद्रात बोटी बंद असतात, गजू तेव्हा रिकामाच होता. सगळा पावसाळा तो त्या खोलीत बसून होता आणि पाऊस उतरल्यावर सर्व्हे सुरू झाला त्या पहिल्या आठवड्यात गेला. मला त्याने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मी रडून गोंधळ घालीन, रात्रीच्या गाडीने येऊन थडकेन, हे त्याला माहीत होतं.

तिथून आल्यावर मी सरळ गावी गेले. खरं सांगायचं तर दादाला दुखवायलाच गेले. सभेत रडलास ना, आता ऐक, असं मनात घोकत गेले. दादा शेतात होता, सोयाबीन सोंगणं चालू होतं. सोंगणाऱ्या बाया लांब, तासाच्या म्हणजे ओळीच्या त्या टोकाला होत्या. मी बांधावर त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, "दादा, दहात तीन म्हंजे काय, माईत हाय का तुले?"

"आता तो विषय काऊन काढून राह्यली सुमन?" तो म्हणाला. पण मी काढला. कप्तानांचं सगळं सांगितलं, शब्द न गाळता. "दहात एक म्हटलं तं बोट निंघत नाई, दादा. दहात तीन म्हटलं का मानसं घरी धाडतात. त्यानं तुले पानी नाई येत असं सांगितलंच नोहतं. त्याले जेवढ्या जोरानं सांगता येत व्हतं तेवढ्या जोरानं सांगितलं व्हतं, का येते."

दादा हातातला विळा उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "लय असते मंग दहात तीन?"

"लय असते."

"उन्हाळ्यात फोन आला व्हता त्याचा."

मला आधी कळेचना. "कोनाचा?"

"गजाचा. इतल्या वर्षांत पयलाच. म्हने, दादा, डॉक्टरनं तपासलं मले. ऑपरेशन नाई केलं तं दहात तीन म्हनते." दादा माझ्याकडे बघत नव्हता. "मले वाटलं, टोमना मारून राह्यला. गाव त्याले जे म्हनते ते माह्या तोंडावर मारून राह्यला. म्या म्हटलं, बरं हाय मंग, सात तं चांगले हायेत... अन् ठेवला फोन."

"त्यानं काई नाई म्हटलं?"

"'दादा...' एवढंच म्हटलं त्यानं. तवर म्या ठेवला व्हता."

माझ्या भावाने पुन्हा आकडा दिला होता आणि ज्याचा निर्णय त्याच्यावर सोडून गप्प बसला होता. ये म्हणाला नाही, घरचं माणूस लागतंय म्हणाला नाही. सगळा पावसाळा वाट बघत बसला. इतक्या वर्षांत कुणावर शेवटचा भरवसा टाकला, तर दादावर, माझ्यावर नाही. याचंही मला वाईट वाटतं, आणि असं वाटावं याचीही लाज वाटते. दादाच्या पाठीवर हात ठेवावा असं एकदा मनात आलं. मला ते जमलं नाही. बायांनी पाणी मागितलं म्हणून तो उठला आणि कळशी घेऊन त्यांच्याकडे गेला.

त्यानंतर दोनदा गावी जाणं झालं. दादाची एक नवीनच सवय दिसली. फोन वाजला की तो हातातलं काम टाकून उचलतो, कुणाचाही असो. परवा कुठल्याशा विमा कंपनीची मुलगी बोलत होती. दादाला विमा घ्यायचा नाही, तिचं निम्मं बोलणं त्याला कळतही नसावं. तरी ओसरीच्या पायरीवर बसून तो "हाव... हाव बाई... सांग ना" म्हणत सगळं ऐकून घेत होता. वहिनी आतून म्हणाली, ठेवा ना आता, भाजी गार होऊन राह्यली. दादाने हाताने तिला थांब अशी खूण केली. शेवटी त्या मुलीनेच कंटाळून फोन ठेवला. तिकडून आवाज यायचा बंद झाला तरी दादा तो कानाला लावून बसून होता.